डावखुरा

वेंगुर्ल्याला बंदरामागे, मिठाच्या वखारीपलीकडे
तंबू लागला तेव्हा मी नऊ वर्षांची.
पडद्यापुढे चार आणे, पडद्यामागे एक.
आम्ही अर्थातच मागे.
पडदा पाण्याने भिजवत, म्हणजे चित्र आरपार यायचं,
पण उलटं :
अक्षरं आरशातली, दारं भलत्या बाजूला,
आणि तो दारुडा डाव्या हाताने पेला उचलणारा.

पाट्या वाचायला तातू मास्तर होता.
शाळेने काढलेला. का काढलेला, ते गावाला ठाऊक,
मला जरा जास्त,
कारण खेळाआधी कनातीच्या फटीतून
माडीचा गडू त्याच्या हातात मीच देत असे.
बाबा माड चढायचे. आमची चूल त्या पोयींवर पेटायची.

चित्रात माडी नव्हती. बाटली होती, चौकोनी,
पोटावर कागद चिकटवलेली.
"ही आमची न्हय," बाबा पुटपुटले
आणि मग नीट मांडी घालून बसले.

बायको झालेला एक बाप्या होता,
पावडरीखाली दाढीची सावली.
पण तिने मंगळसूत्र काढून टेबलावर ठेवलं
तेव्हा आमच्याकडच्या मासेवाल्या पदर तोंडात कोंबून रडल्या.
मग सराफ, सराफाचे पैसे, पैशांची बाटली,
मशीनवाला दांडा फिरवी तसं सगळं धावत होतं.
त्याचा खांदा भरून आला की दारुडा संथ व्हायचा,
विचारात पडलाय असं वाटायचं.

मग पाळण्यातलं पोर. ताप. दारात तो, झिंगलेला.
हात वर गेला, डावा,
आणि सगळं पांढरं झालं.

नुसता उजेड, आणि पडद्यावरून ओघळणारं पाणी.
शेवटचं रीळ आगबोटीवरून पडावात उतरवताना
समुद्रात गेलं होतं;
मालकाने हे तिकिटं विकून झाल्यावर सांगितलं.
पुढून शिट्ट्या. एक करवंटी भिरभिरत आली.
मागे मात्र कोणी हललं नाही.
एका म्हातारीने विचारलं, "पोराचा काय झाला?"

मास्तर उठला. त्याची सावली पडद्यावर आली,
मोठी, आणि कशाचा तरी आधार चाचपणारी.
"हात खाली आला," तो म्हणाला,
पाटी नसताना, वाचत असल्यासारखा.
"हात खाली आला आणि पोराच्या कपाळावर टेकला.
कपाळ तापलेलं. रात्रभर त्याने पाण्याच्या घड्या ठेवल्या.
सकाळी गुत्त्यावरून चालत गेला. आत गेला नाही."
थांबला.
"दुसऱ्या दिवशीही नाही."
पुन्हा थांबला. मशीनवाल्याने दांडा सोडला होता.
"तिसऱ्या दिवसाचं मला वाचता येत नाही."

पहाटे बाबा कोयती कमरेला लावून निघाले, रोजच्यासारखे.
फक्त एका मडक्याला त्यांनी आतून चुना फासला.
चुना असला की रस चढत नाही, गोडच राहतो.
संध्याकाळी गडू मीच नेला.
मास्तरने घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं,
मग गडूत, बराच वेळ.
"जिवबाक सांग," तो म्हणाला,
आणि काय सांगायचं ते म्हणालाच नाही.
गडू मात्र रिकामा परत दिला.

चौथ्या दिवशी तंबू मालवणला गेला, मास्तरही.
तो सुटला, असं म्हणतात.
असंही म्हणतात की मालवणात माडांना काय तोटा.
ते रीळ खडपात कुठे अडकून असेल
तर त्यात तो माणूस केव्हाचाच सुधारला आहे.

पुढे शिकल्यासवरलेल्यांनी मला समजावलं,
बाई, तुम्ही मागून बघितलंत, तो उजवाच होता.
असेल.
मला तो डावखुराच आठवतो, हात वर धरलेला,
आणि माझ्या शेजारी, अंधारात,
कधीच कुणाला न विनवलेले माझे बाबा :
"खाली घे रे. खाली घे."